कागदाचा हात

आळंदच्या यार्डात मी एकवीस वर्षं तुरीचा लिलाव पुकारला. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून नुसतं बोट वर केलं की खालची माणसं गप्प व्हायची. उमरग्याकडचा शेतकरी असला की मराठीत, अफजलपूरकडचा असला की कन्नडमधी, आणि कलबुर्गीच्या दालमिलचा शेठ आला की हैदराबादीत, "क्या शेठ, नींद में हैं क्या, बोलो ना जल्दी!" गिऱ्हाईक बघून जीभ वळायची. माझ्या तोंडून माल विकावा म्हणून लोक लांबून आमच्याच आडतीला पोती आणायचे. हे फुशारकी म्हणून सांगत न्हाई. पुढं जे झालं ते ह्याच तोंडानं झालं म्हणून सांगायलोय.

मग लिलाव मोबाईलवर गेला. व्यापारी सावलीला बसून बोटानं भाव टाकायला लागले. शेतकऱ्याचं त्यात बरंच झालं, खोटं कामून बोलू? माझं तेवढं वाटोळं झालं. आडत्यानं काढलं न्हाई, "अण्णा, बसा की निवांत" म्हणून खुर्ची दिली. बोलणाऱ्या माणसाला खुर्ची देऊन गप बसवलं की त्याचं डोकं नको तिकडं जातंय. माझं गेलं. आणि त्यात माझ्या अक्काचं घर गेलं. बांधायच्या आधीच गेलं. चोर दुसरा होता, पण त्याला घरात मी आणला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी थोरली. लगीन झालं, न्हाई जमलं, आणि दोन वर्षांत एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. कामून आलीस म्हणून आमच्या वडलांनी, अप्पांनी, एका शब्दानं विचारलं न्हाई. परसातली खोली तिला दिली, ती बी अर्धीच, कारण हंगामात तिथं तुरीची पोती लागायची. त्या खोलीचं दार बुटकं. अक्का अंगानं उंच, अप्पांवर गेलेली. आत जाताना वाकायचं, बाहेर येताना वाकायचं. कधी घाईत विसरली की कपाळ धाडकन आपटायचं आणि घरात आम्ही हसायचो. तीस वर्षं अंगणवाडीत गावाची लेकरं सांभाळून ती रिटायर झाली तरी त्या दारात वाकतच होती.

तिचं एकच मागणं होतं, स्वतःचं दार. भिशी लावून, पोटाला चिमटा घेऊन तिनं मठाच्या मागं एक लहानसा प्लॉट घेतला, स्वतःच्या नावावर. मला एकदा तिथं घेऊन गेली आणि चपलेच्या टोकानं मातीत रेघ ओढली. "इथं दार. रस्त्याच्या अंगाला. कुणी आलं तर सरळ माझ्याकडं येईल, तुमच्या घरातून फिरून न्हाई." रिटायर होताना एकरकमी पैसा आला तसं तिनं पहिलं काम काय केलं? पाया न्हाई, भिंती न्हाईत, आणि सुताराला चौकट सांगितली. सागवानी, वर मधोमध नंदी कोरलेला. मी म्हणलं, "अक्का, आधी चौकट अन् मागून घर? येड लागलंय का?" ती माझ्याकडं बघितली बी न्हाई. सुताराला म्हणली, "मला वाकावं लागू नये एवढी उंच कर बाबा."

चौकट आली. तिला विभूतीचे पट्टे ओढले, हार घातला, आणि परसात भिंतीला टेकवून वर जुनं फडकं टाकलं. दोन खोल्यांचा पैसा बँकेत होता. पावसाळा सरला की दिवाळीनंतर पाया खोदायचा, असं ठरलं होतं.

आता आमच्या घरातला तुरीचा कायदा सांगतो, कारण समदा घोळ तिथंच हाय. रास झाली की जो तो विकायला पळतो आणि भाव पडतो. अप्पा विकायचे न्हाईत. कन्नडमधी म्हणायचे, "इट्को." ठेव. मराठीत म्हणायचे, "दाबून ठेव." पडत्या भावात माल काढणारा त्यांच्या लेखी येडाच. भाव पडायचा, अजून पडायचा, शेजारचे घाबरून विकून मोकळे व्हायचे, आणि अप्पा आपले पानाला चुना लावत बसलेले. आषाढ-श्रावणात भाव वर यायचा आणि त्याच्यासंगं अप्पांची मिशी बी वर यायची.

आणि अक्काचं काम होतं हात घालायचं. पोत्याचं तोंड सोडायचं आणि कोपरापर्यंत हात आत सारायचा. पोरीचा हात बारीक, सरळ आत जायचा. माल आतून थंड लागला तर बरा. गरम लागला तर समजायचं कीड धरली न्हाईतर ओल धरली. वरून काही दिसत न्हाई, वरून तूर सोन्यासारखी. हाताला तेवढं कळतंय. अक्का डोळे मिटून हात घालायची, जरा थांबायची आणि "थंड हाय अप्पा" म्हणायची. मी धाकटा, मला ते काम कधी दिलं न्हाई. मला वाटायचं, ह्यात काय एवढं?

तर खुर्चीवर बसून मोबाईल चाळता चाळता मला ते डिजिटल नाणं घावलं. कलबुर्गीत रिंग रोडला एका साहेबानं त्याचं ऑफिस काढलं होतं. तो आमच्याकडं एका मंगल कार्यालयात भाषण द्यायला आला. कडक इस्त्री, कानात बिनवायरची बोंडं, आणि तोंडात लाह्या फुटल्यासारखे इंग्रजी शब्द. होडल, फोमो, पंप, डंप. समोर आमची माणसं, अर्ध्यांना मराठी बरी, अर्ध्यांना कन्नड, इंग्रजी कुणालाच न्हाई. लोक चपला शोधायला लागले. मला राहवलं न्हाई. माणसं उठून जायला लागली की लिलाववाल्याला ते बघवत न्हाई. मी उभा राहिलो आणि म्हणलं, "अरे बसा की! साहेब काय म्हणायलेत ते मी सांगतो."

साहेब म्हणाला, व्हेल. म्हणजे देवमासा. आमच्या मुलखात मासा म्हणजे तळ्यातला, त्याचं कुणाला काय कौतुक? मी म्हणलं, "व्हेल म्हणजे दालमिलचा शेठ. तो यार्डात शिरला की भाव हलतो का न्हाई? तेच." लोक बसले. फोमो म्हणजे? "पंगत उठंल, बुंदी संपंल म्हणून जी पळापळ होते ती." हसले. डिप म्हणजे मंदी, आणि मंदीत माल भरणारा शहाणा हे आळंदकरांना मी सांगायचं का? फड म्हणजे बाजारात सोडलेली पुडी, बर्माची तूर बंदराला लागली म्हणून कुणीतर उठवतंय आणि तुम्ही भिऊन विकता. बॅग होल्डर म्हणजे भाव गेल्यावर पोतं धरून बसलेला येडा. आणि रग पुल म्हणजे बसल्या माणसाच्या बुडाखालून जाजम ओढणं. ह्याला तर असा हशा पिकला की म्हाताऱ्यांनी मांड्या थापटल्या. जाजम ओढतो कोण, कधी, कामून, हे कुणी विचारलं न्हाई. मी बी न्हाई. हसलेल्या माणसाला भीती वाटत न्हाई, हे मी यार्डातच शिकलो होतो.

मग होडल आला. साहेब म्हणाला, भाव पडला तरी विकायचं न्हाई, धरून ठेवायचं. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून अप्पाच बोलले, "दाबून ठेवा." बस्स. समदं कार्यालय मान हलवायला लागलं. आमच्याकडच्या माणसाला ह्याच्यापुढं काय समजावून सांगायचं? त्याच्या बापानं तेच केलं, आजानं तेच केलं.

भाषण संपल्यावर साहेबानं माझे दोन्ही हात धरले. "अण्णा, मला सहा महिने बोलून जे जमलं न्हाई ते तुम्ही अर्ध्या तासात केलं." महिन्याला काही देऊ बी केलं. पण खरं सांगतो, मी पैशासाठी गेलो न्हाई. कितीतर दिवसांनी माणसं माझ्याकडं तोंड करून बसली होती, तेवढ्यासाठी गेलो. हे पैशासाठी जाण्यापेक्षा वाईट हाय, असं मला आता वाटतंय.

दोनशे पानी वहीत मी शब्द लिहून काढले. डावीकडं साहेबाचा, उजवीकडं आपला. ग्रुपवर रोज सकाळी माझा आवाज जायचा. करजगीहून, औरादहून फोन यायला लागले, "अण्णा, हे पंप म्हणजे काय हो?" मी सांगायचो, चार जणांनी मिळून खोटी बोली चढवायची आणि पाचव्याच्या गळ्यात माल मारायचा, ते पंप. दुसऱ्याच्या नाण्यात चालतंय ते, आपल्यात न्हाई. एकच गोष्ट मी वहीत लिहिली न्हाई. साहेबाच्या भाषणात शेवटी एक वाक्य घाईघाईनं यायचं, स्वतः चौकशी करा आणि मगच पैसे घाला. ते मला जिभेला जड लागायचं. लिलाव पुकारणारा कधी म्हणतो का, बाबांनो जरा चौकशी करा? मी ते गाळलं. त्याच्या जागी म्हणायचो, "मी हाय की!" ह्या तीन शब्दांची लाज मरेपर्यंत जाणार न्हाई.

अक्का कधी कार्यालयात आली न्हाई. भाकरी थापता थापता माझं बोलणं ऐकायची. मला ती कन्नडमधी तम्मा म्हणती, धाकटा भाऊ. एक दिवस म्हणली, "तम्मा, हे नाणं असतंय कुठं?"

"कुठं असतंय म्हणजे? मोबाईलमधी."

"मग ह्यात हात कुठं घालायचा?"

मी हसलो. "हात कशाला घालतीस, डोळ्यानं बघ की. हिरवं दिसलं की तेजी, लाल दिसलं की मंदी."

"डोळ्याला किडकी तूर बी बरीच दिसतीय," ती म्हणली. "आणि ह्यात कायक कुठलं, कष्ट कुठले? घाम कुणाचा गेला?"

मला राग आला. माझा राग म्हणजे चुलीतला जाळ, फुंकायची खोटी. "तुला कळत न्हाई त्यात बोलू नको," म्हणलं. तिनं भाकरी उलटली.

तरी तिनं पैसे घातले. लोक मला आजबी विचारतात, तुझी अक्का तर शहाणी, तिनं कसे घातले? शहाणीच हाय. ती नाण्याला भुलली न्हाई, भावाला भुलली. आठ दिवस मी तिच्या मागं लागलो. दोन खोल्यांच्या पैशात तीन होतील, वर गच्चीला जिना होईल, फक्त दिवाळीपर्यंत दाबून ठेव. अप्पांचा शब्द आणि आवाज बी आमचा दोघांचा सारखाच. शेवटी ती माझ्याकडं वळली. मग म्हणली, "तू म्हणायलास न्हव?"

"मी म्हणायलोय."

"मग घाल."

तिला त्यातलं बटन दाबता येत न्हवतं, म्हणून तिचं खातं माझ्याच मोबाईलवर काढलं. ग्रुप तेवढा तिच्या मोबाईलवर होता.

सुरुवातीला चढलं. मी रोज तिला पडदा दाखवायचो, "बघ, जिना झाला. बघ, मोरी झाली." ती हसायची. बोलून दाखवायची न्हाई, पण मनात घर उभं राहायला लागलं होतं. एकदा सुताराला बोलावून खिडक्यांची मापं घेतली आणि परसातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली. ती मापं अजून हायेत. त्या बाजूला पाऊस लागत न्हाई.

भादव्यात भाव घसरायला लागला. आधी थोडा, मग भसकन. मी ग्रुपवर सांगितलं, घाबरू नका, हात हिऱ्याचा ठेवा. साहेबाच्या बोलीत जो पडत्या भावातबी धरून ठेवतो त्याचा हात हिऱ्याचा, आणि जो भिऊन विकतो त्याचा हात कागदाचा. हे दोन शब्द मीच मराठीत आणले आणि गावात मस्त रुळले. हॉटेलात कुणी चहाचे पैसे द्यायला मागंपुढं केलं की लोक म्हणायचे, "काढ की कागदी हात खिशातून!" मला त्याचा अभिमान वाटायचा. आपला शब्द गावाच्या तोंडात बसला म्हणून.

एका सकाळी आमच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. समदी नाण्यातली, समद्यांची तोंडं उतरलेली. मी त्यांना धीर द्यायलो होतो. अक्का चहा घेऊन आली, कप दिले, आणि आत गेली न्हाई. ताट हातात धरून उभी राहिली.

"तम्मा, पोतं गरम लागायलंय," म्हणली.

"काय?"

"परवा कुणा एका मास्तरांनी ग्रुपवर विचारलं, माझे पैसे काढायचे हायेत, कधी मिळतील. काल त्यांचा प्रश्न बी न्हाई आणि मास्तर बी न्हाईत. काढून टाकलंय त्यांना. औरादच्या एका बाईनं तेच विचारलं, ती बी गेली. जिथं विचारलेलं चालत न्हाई तिथं आत कायतर कुजायलंय. माझं काढ. जेवढं येईल तेवढं येऊ दे."

एक न् एक शब्द बरोबर होता. मी दिवसभर त्या ग्रुपवर पडीक असून मला दिसलं न्हाई, आणि तिनं चार घरकामं करता करता ओळखलं. त्या क्षणी मला बी आतून कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. पण समोर दहा माणसं बसलेली. अण्णाची अक्का काढतीय म्हणलं की समदे काढणार, आणि मग माझ्या तोंडाला काय किंमत राहिली? मी मांडीवर थाप मारली आणि लिलावाच्या आवाजात म्हणलं, "बघा रे, कागदाचा हात कसा असतो बघायचा होता न्हव? हा बघा, माझ्या घरातच निघाला!"

समदे हसले. भेदरलेली माणसं जरा जास्तच मोठ्यानं हसतात, तसं हसले. मी बी हसलो. अक्कानं आपल्या हाताकडं बघितलं. खरंच बघितलं, तळहात उलटा करून. मग रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. परत तिनं तो विषय काढला न्हाई. बटन माझ्या खिशात होतं, दाबायला दोन मिनटं लागली असती. त्या आठवड्यात ज्यांनी हट्ट धरून काढले त्यांना थोडेफार मिळाले, हे मागून कळलं.

नवव्या दिवशी ॲप उघडंना. साहेबाचा फोन लागंना. ग्रुपवर कुणाला लिहिता येईना. मी पहिली बस धरून कलबुर्गीला गेलो. ऑफिसला कुलूप. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, "चार दिन हुए अण्णा, खाली करके गए. आप भी उन्हीं के हैं ना?" मी न्हाई म्हणलं. जिन्याच्या पायरीवर बसलो. बुडाखालचं जाजम ओढणं म्हणून ज्याच्यावर मी म्हाताऱ्यांना हसवलं होतं ते हेच, हे तिथं कळलं. तक्रार दिली. बाकीच्यांनी बी दिली. कागद अजून फिरायलेत.

घरी आलो तर अक्का तांदूळ निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणली, "गेलं का?"

मी मान हलवली.

"समदं?"

"समदं."

तिनं सूप खाली ठेवलं, उठली, परसात गेली आणि चौकटीवरचं सरकलेलं फडकं नीट केलं. मी मागं गेलो आणि लेकरासारखा रडलो. "अक्का, मला मार. चार शिव्या तर दे." ती म्हणली, "तोंड धू. जेवायचं हाय." मी तिच्या पाया पडलो, चुकलो म्हणलं. पण ते परसात, दोघंच असताना. हसवलं होतं दहा माणसांसमोर आणि माफी मागितली एकट्यात. ओट्यावर त्या माणसांना बोलावून अक्का बरोबर होती एवढं म्हणायचं धाडस मला आजवर झालं न्हाई.

गावानं मला मारलं न्हाई. माझेच शब्द मला परत केले. यार्डात गेलो की हमाल म्हणतात, "काय अण्णा, पोतं धरलंय का अजून?" हॉटेलात कुणीतर उठून जागा देतो आणि म्हणतो, "बसा, पर जाजम बघून बसा बरं का." मी ऐकून घेतो. जे बोलतात त्यांचं बरं हाय. करजगीचा एक जण रोज सकाळी फोन करून अर्धा तास बोलायचा. तो आता रस्त्यात दिसला तर वाट बदलतो. शिवी द्यायला बी थांबत न्हाई.

एक दिवस त्या यार्डातल्या खुर्चीवर बसलो असताना मला अप्पांचं वाक्य पूर्ण आठवलं. "इट्को, कै हाकी नोड." ठेव, पण हात घालून बघ. ते नुसतं ठेव कधीच म्हणाले न्हाईत. एका वर्षी अक्का "गरम हाय अप्पा" म्हणली तेव्हा त्यांनी भाव विचारला न्हाई, पाऊस बघितला न्हाई. पान तसंच खाली ठेवलं, गाडी जुंपली आणि त्याच दिवशी मिळंल त्या भावात माल काढला. त्या गाडीत पोत्यांवर मीच बसलो होतो. म्हणजे मला माहीत होतं. विसरलो होतो म्हणलं तर ते बी खोटंच होईल. अर्धं वाक्य माझ्या सोयीचं होतं, तेवढंच मी गावभर वाजवत फिरलो. आणि तूर कितीबी पडली तरी घरात वरण होतंय. नाण्याचं काय वरण करतो?

पुढच्या उन्हाळ्यात अक्का म्हणली, "लाकूड उन्हातान्हात वाकडं व्हायलंय. माझ्या खोलीला बसवून टाकू." तोच सुतार आला. त्यानं टेप लावली, परत लावली, आणि म्हणला, "अक्का, वीतभर कापावी लागंल. वर पत्रा हाय."

"पत्रा वर घेऊ," मी म्हणलं. "भिंत वाढवू. मी करतो कायतर."

अक्का माझ्याकडं न बघता म्हणली, "काप."

सुताराचा हात चालंना. एवढी चौकट त्यानंच घडवलेली. शेवटी त्यानं खालून दोन्ही पाय वीतभर कापले आणि चौकट बसवली. आता तो कोरलेला नंदी बरोबर अक्काच्या कपाळाच्या उंचीला येतो. कापलेले दोन तुकडे तिनं चुलीत घातले न्हाईत. तिच्या पत्र्याच्या पेटीखाली ठेवलेत, ओल लागू नये म्हणून.

प्लॉट अजून तिच्याच नावावर हाय. मोकळा ठेवला तर लोक म्हशी बांधतात, म्हणून गेल्या पावसाळ्यात तिनं तिथं तूर टाकली. दोन खोल्यांच्या जागेत किती येणार? संक्रांतीच्या सुमाराला मी बडवायला गेलो. जिथं तिनं चपलेनं रेघ ओढली होती तिथंच गोणपाटाची फारी पसरून काठीनं शेंगा बडवल्या. सिमेंटची एक रिकामी पिशवी अर्धी भरली. ती तिनं आपल्या खोलीच्या दारात, भिंतीला लावून ठेवली.

परवा मी म्हणलं, "अक्का, एवढीशी तर हाय. भाव बी बरा हाय. देऊन टाकायची का ठेवायची?" विचारलं आणि मनात आलं, ह्या तोंडानं हे विचारायलोय मी.

ती वाकून बाहेर आली. पिशवीचं तोंड सोडलं आणि बाजूला झाली.

"घाल हात," म्हणली.

"मी? मला कुठं कळतंय अक्का? तू घाल की. जन्मभर तूच घातलास."

ती रागावली न्हवती. भाजी झाली का म्हणून विचारावं तशा आवाजात म्हणली, "माझा हात कागदाचा हाय न्हव, तम्मा. तुझा घाल."

मी बाही वर केली आणि हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. दाणे बोटांतून सरकत गेले आणि कोपरापर्यंत हात आत गेला. डोळे आपोआप मिटले. ती वाट बघत उभी होती.

"थंड हाय," म्हणलं शेवटी.

"मग ठेव," म्हणली, आणि वाकून आत गेली.